वाळूखालचं मीठ : खनिज शोधणारी पार्टी वाळवंटात नेमकं करते काय?

आखाजीला घरी आलो की मामांचा पहिला प्रश्न ठरलेला. "काय सापडनं का रे भो, तठे वाळूमा?" चार हंगाम झाले, चारही वेळा मी मान हलवली. यंदा मामा म्हणाले, "चार वर्षं काही न सापडता पगार देणारा मालक तुला सापडला, हाच मोठा शोध म्हणायचा." ओट्यावरची सगळी मंडळी हसली, मीही हसलो. उत्तर मात्र तेव्हा सुचलं नाही. ते इथे सावकाशीनं देतो.

माझं गाव पारोळा तालुक्यात, मामांचं चोपड्याकडे. मी खनिज शोधणाऱ्या सर्व्हे पार्टीत आहे, काम राजस्थानात, थरच्या वाळवंटात. ऑक्टोबरात जायचं, होळीनंतर ऊन तापलं की परतायचं. लोकांना वाटतं आम्ही हातोडी घेऊन फिरतो आणि एखादा चमकता दगड दिसला की ओरडतो. हातोडी असते, पण ओरडण्याचा प्रसंग अजून आलेला नाही.

मामांच्या ओट्यावर कोपऱ्यात मृगबागेसाठी आणलेली लाल पोटॅशची पोती रचलेली होती. तिथूनच सुरुवात करू. केळीला पालाश किती लागतं हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. शिफारस आहे खोडामागे २०० ग्रॅम पालाशची. पोत्यातल्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के, म्हणजे प्रत्यक्ष खत झालं ३३० ग्रॅमच्या आसपास. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरी साडेसतराशे खोडं. गुणाकार केला की एकराला जवळजवळ बारा पोती निघतात. आणि हे पोटॅश बोटीतून येतं : कॅनडा, रशिया, बेलारूस, इस्रायल, जॉर्डन. आपल्या देशात आज पोटॅश काढणारी एकही चालू खाण नाही.

आता गंमत अशी, की पोटॅश आपल्याकडे आहे. जीएसआयनं, म्हणजे १८५१ पासून चालत आलेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं, गेल्या शतकातच बिकानेर, हनुमानगढ, श्रीगंगानगर या पट्ट्यात खोल बोअर घेतले होते. त्यांत मिठाचे जाड थर लागले आणि त्या मिठात अधूनमधून पोटॅशची खनिजंही. साधारण अर्धा ते पाऊण किलोमीटर खोल.

"मंग काढत काबर नही?" मामांचा लगेच प्रश्न. कारण "आहे" हे कळणं आणि "किती आहे, कुठून कुठवर आहे, थर सलग आहे की तुटक, काढून परवडेल का" हे कळणं यांत कित्येक वर्षांचं आणि पुष्कळ पैशांचं अंतर असतं. आमचं सगळं काम त्या अंतरातलं.

पांघरूण

आधी ते मीठ तिथे आलं कसं ते बघू. सुमारे ५४-५५ कोटी वर्षांपूर्वी त्या भागात उथळ, अडकून पडलेला समुद्र होता. मिठागरात होतं तेच तिथे झालं, फक्त लाखो वर्षं चाललं. समुद्राचं पाणी आटायला लागलं की आधी चुन्याचा क्षार खाली बसतो, मग जिप्सम. पाण्याचा दहावा हिस्सा उरला की आपलं खायचं मीठ बसायला लागतं. पोटॅशची पाळी अगदी शेवटी, तळाशी थोडासा कडवट अर्क उरतो तेव्हा. म्हणून मीठ भरपूर आणि पोटॅश थोडं, तेही ठिकठिकाणी. दर वेळी समुद्र शेवटपर्यंत आटलाच असेल असं नाही. मधेच नवं पाणी आत आलं की पोटॅश बसण्याआधीच सगळं पुन्हा पातळ. उपासाला आपण जे शेंदेलोण वर्षानुवर्षं वापरत आलो ते बहुतेक पाकिस्तानातल्या खेवड्याच्या डोंगरातलं, आणि तेही साधारण याच काळातलं मीठ आहे. तिकडे जमिनीच्या उलथापालथीत ते वर आलं म्हणून डोळ्यांना दिसतं. राजस्थानात खालीच राहिलं, वर गाळाचे खडक साचले आणि सगळ्यात वर वाळू आली.

आपल्या खान्देशालाही असंच पांघरूण आहे, फक्त दगडाचं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले, तोच आपला काळा पाषाण. त्याच्या खाली काय आहे हे वरून कुणालाच दिसत नाही. विहीर खणताना कधी चकचकीत हिरवे-पांढरे स्फटिक निघतात, झिओलाइटच्या कुळातले. जगभरच्या संग्राहकांना जळगावचं नाव ठाऊक आहे ते या स्फटिकांमुळे. पण ते पांघरुणातल्या पोकळ्यांमधले. पांघरुणाखालचं वेगळंच.

पांघरूण न उचलता खालचं ओळखायचं, एवढाच आमचा धंदा. आणि इथे मला पाणाड्या आठवतो. आमच्या पारोळ्याकडच्या शेतात तळहातावर आडवा नारळ घेऊन तो फिरला, नारळ जिथे उभा राहिला तिथे खूण केली, तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची बोअरची गाडी आली, साडेतीनशे फूट गेले आणि धुरळा उडाला. बोअर फेल. पुढच्या वर्षी दुसरा नारळ, दुसरा बोअर. मी पाणाड्याची टिंगल करत नाही. त्यालाही झाडं, उतार, जुन्या विहिरी यांचा अंदाज असतो. पण पहिला बोअर फेल गेल्यावर त्यातून कुणी काही शिकलं नाही. किती फुटांवर मऊ लागलं, कुठे कडक लागलं, कुठे ओल आली, एक ओळ कुणी लिहून ठेवली नाही. आमच्या धंद्यात हे चालत नाही. फेल गेलेल्या बोअरची वही ही लागलेल्या बोअरच्या वहीइतकीच जपून ठेवतात.

आधी कागद, मग पाय

हंगामाची सुरुवात वाळूत होत नाही, खोलीत होते. जुने नकाशे, उपग्रहाची चित्रं, विमानातून केलेल्या चुंबकीय मोजणीची आकडेवारी, चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी टाइपरायटरवर लिहिलेला अहवाल. सर्व्हे ऑफ इंडियाचे टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारे नकाशे, समोर पसरायचे. आपलं धुळं येतं ४६ क्रमांकाच्या मोठ्या चौकोनात, जैसलमेर ४० च्या. या सगळ्यातून मोठ्या प्रदेशाचा लहान तुकडा होतो. सरकारी भाषेत या पायऱ्यांना जी-४, जी-३, जी-२, जी-१ म्हणतात. जी-४ म्हणजे नुसती टेहळणी, जी-१ म्हणजे सविस्तर, खाण आखता येईल इतकी माहिती. उलटे आकडे पाहून नवीन माणूस गोंधळतोच. आणि दर पायरीवर बहुतेक जागा गळतात. शंभर ठिकाणी टेहळणी झाली तर पुढच्या पायरीवर मोजकीच जातात, शेवटपर्यंत एखादी पोहोचते किंवा तीही नाही.

मग चालणं. चुंबकीय सर्व्हे त्यातला सगळ्यात साधा. एका काठीवर सेन्सर, पाठीवर यंत्र, ठरलेल्या सरळ रेषेवर ठरलेल्या अंतराला थांबायचं, रीडिंग घ्यायचं, पुढे. दिवसाला दहा-बारा किलोमीटर. थरमध्ये पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ४५ ते ४८ हजार नॅनोटेस्लाच्या दरम्यान असतं आणि आपण शोधत असतो त्यातला काही दहांचा किंवा शेकड्यांचा चढउतार. खाली लोहयुक्त खडक असेल तर रीडिंग बदलतं.

रेषा कुठल्या दिशेनं आखायची याला फार महत्त्व. हे मी कॉलेजात असताना आपल्याकडेच शिकलो. धुळे, साक्री, नंदुरबार या पट्ट्यात माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती उभ्या दिसतात, कुणी रचून ठेवल्यासारख्या. त्यांना डाइक म्हणतात : जमिनीच्या भेगांत लाव्हा वर चढला, तिथेच थिजला, आजूबाजूचं झिजलं आणि भिंत उरली. काही तर कित्येक किलोमीटर धावतात, बहुतेक पूर्व-पश्चिम अंगानं. आता अशी भिंत मातीखाली गडप असेल तर ती शोधायला कसं चालाल? पूर्व-पश्चिम चाललात तर दिवसभर तिच्या शेजारून चालत राहाल आणि पत्ताही लागणार नाही. उत्तर-दक्षिण चालायचं, म्हणजे कधीतरी ती आडवी येतेच. सरांनी आम्हाला यंत्र देऊन एका डाइकवरून आडवं चालवलं. तिच्या अलीकडे सपाट रीडिंग, तिच्यावर आल्यावर एकदम उसळी, पलीकडे पुन्हा सपाट. त्या कागदावरच्या उसळीनंच मला या धंद्यात ओढलं.

यंत्र घेणाऱ्यानं अंगावर लोखंड ठेवायचं नाही. पट्ट्याचं बक्कल नको, किल्ल्या नकोत, मोबाइल नको, चाकू नको. पहिल्या हंगामात एका रेषेवर माझं रीडिंग सगळीकडेच थोडं चढं आलं. मी खूश, काहीतरी मोठं लागलं म्हणून. पार्टीचे प्रमुख आले, माझ्या शर्टाच्या खिशाला बोट लावलं. आत मोबाइल. चार किलोमीटरची रेषा दुसऱ्या दिवशी पुन्हा चाललो, पायजम्याची नाडी बांधून.

शिवाय पृथ्वीचं क्षेत्र स्वतःही दिवसभरात थोडं खालीवर होतं. म्हणून एक यंत्र कॅम्पवर एका जागी ठेवून देतात, ते दिवसभर तीच जागा मोजतं. संध्याकाळी त्याचा चढउतार आपल्या रीडिंगमधून वजा करायचा. सूर्यावर वादळ झालं असेल तर हा चढउतार इतका वेडावाकडा होतो की त्या दिवसाचं काम सरळ टाकून द्यावं लागतं. वाळवंटात वारा नाही, पाऊस नाही, आभाळ निळंशार, आणि सुट्टी का तर सूर्यावर वादळ. घरी फोनवर हे सांगितलं तर आईला खरं वाटलं नव्हतं.

मिठासाठी मात्र चुंबकाचा उपयोग कमी. तिथे गुरुत्वाकर्षण मोजतात. मीठ आजूबाजूच्या खडकापेक्षा हलकं असतं, त्यामुळे जिथे खाली मिठाचा जाड साठा तिथे पृथ्वीची ओढ किंचित कमी. किंचित म्हणजे किती? आम्ही जे एकक वापरतो ते मिलिगॅल. पृथ्वीच्या एकूण ओढीचा जवळजवळ दहा लाखावा भाग म्हणजे एक मिलिगॅल. यंत्राच्या पोटात शेवटी एक नाजूक स्प्रिंग आणि तिला टांगलेलं वजनच असतं, आपल्या ताणकाट्याचा फार हुशार भाऊ. केळीचा तोच घड टेकडीच्या पायथ्याशी आणि माथ्यावर अशा काट्यानं तोलला तर वजन वेगळं येईल, कारण वर गेलं की ओढ कमी होते : दर मीटरला सुमारे ०.३ मिलिगॅल. म्हणजे वाळूच्या टेकाडावर तीन मीटर चढलो, तर खाली मीठ असो-नसो, रीडिंग जवळजवळ एका मिलिगॅलनं घटणार. यासाठी पार्टीत एक सर्व्हेअर वेगळा असतो. तो उपग्रहाच्या साहाय्यानं प्रत्येक स्टेशनची उंची सेंटिमीटरपर्यंत पकडतो. त्याची उंची चुकली की आमचं सगळं मुसळ केरात.

यंत्र नाजूक असल्यानं वाऱ्यानं थरथरलं तरी रीडिंग डळमळतं. त्यामुळे पहाटे साडेचारला चहा आणि उजाडायला पहिलं स्टेशन. दहा-अकराला वारा उठला की गुंडाळायचं.

आणखी एक पद्धत आहे, जमिनीत वीज सोडून अडथळा मोजायची. आपल्याकडेही पाण्यासाठी ती वापरतात. चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या, दोनांतून करंट सोडायचा, उरलेल्या दोनांवर व्होल्टेज बघायचं. काळ्या रानात खुंटी ठोकली की झालं. कोरड्या वाळूत करंट जातच नाही. मग खुंटीभोवती खळगा करून त्यात मिठाचं पाणी ओतायचं. जिथे प्यायचं पाणी वीस किलोमीटरवरून टँकरनं येतं, तिथे गडी कॅन घेऊन पाणी वाळूत ओततायत, हे बघून एका गुराख्यानं आम्हाला काय शिव्या घातल्या! त्या मारवाडीतल्या निम्म्या कळल्या नाहीत, निम्म्या बरोबर होत्या. त्या दिवसापासून आम्ही ओतायला खारं पाणीच आणू लागलो, कुठल्याशा पडीक विहिरीतलं. त्यात मीठ टाकायचीही गरज उरली नाही.

वाळू खोटं बोलते

खडक उघडा असेल तर तुकडा फोडायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. माझा पहिला हंगाम सिवाण्याच्या डोंगरात गेला, बाडमेरकडे. तिथे जुन्या ज्वालामुखीचं भलंमोठं कडं आहे आणि त्यातल्या ग्रॅनाइट-रायोलाइट खडकांत दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं मिळतात, मोबाइलपासून पवनचक्कीपर्यंत सगळीकडे लागणारी. ही मूलद्रव्यं बऱ्याचदा थोरियमच्या सोबतीनं असतात, म्हणून हातात किरणोत्सार मोजायचं यंत्र धरून खडकाला लावत हिंडायचं. थोरियम जास्त दिसलं तिथला तुकडा घ्यायचा. सोपं काम, फक्त पायाखाली सगळे धारदार दगड.

वाळूच्या भागात हे जमत नाही. वरची वाळू वाऱ्याबरोबर कुठून कुठून आलेली. ती तपासली तर भलत्याच मुलखाची माहिती मिळेल. मग खड्डा खणून वाळूखालच्या घट्ट चुनखडी थरापर्यंत जायचं. खालचं पाणी वर चढतं, आटतं आणि येताना आणलेले क्षार या थरात सोडून जातं, त्यामुळे खालच्या खडकाचा थोडासा वास त्याला लागलेला असतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातली चॅलेंजर नावाची सोन्याची खाण १९९५ साली अशाच चुनखडीच्या नमुन्यांवरून हाती लागली.

वाळवीचंही असंच. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं जमिनीतल्या पाण्याच्या खुणा सांगताना वारुळाची खूण सांगितली आहे. वाळवी ओल शोधत खोल जाते आणि तिथली माती वर आणते. आफ्रिकेतल्या कलहारीत वाळूखाली दडलेला हिऱ्याचा खडक शोधताना वाळवीनं वर आणलेले गार्नेट आणि इल्मेनाइटचे कण कामी आले. म्हणून वारूळ दिसलं की आम्हीही थांबतो. गड्यांपैकी कुणीतरी आधी हात जोडतो, मग नमुना घेतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

नमुना घ्यायची शिस्त मात्र देवपूजेपेक्षा कडक. माती चाळायची, ढीग करायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेले मिसळून पुन्हा चार भाग, असं करत शेवटी पिशवीभर उरली पाहिजे. म्हणजे ती पिशवी सगळ्या ढिगाच्या वतीनं बोलते. पिशवीवर नंबर, आत नंबराची चिठ्ठी, वहीत तोच नंबर. मधेमधे एखादा नमुना मुद्दाम दोनदा वेगळ्या नंबरानं पाठवायचा, एखादी पिशवी नुसत्या निकामी दगडाची, एखादी आधीच मोजलेल्या खडकाची. प्रयोगशाळेला कुठली कोणती ते सांगायचं नाही. तिथला आकडा चुकतोय का हे त्यावरून कळतं.

सोन्याचा सर्व्हे असेल तर अंगठी काढून ठेवावी लागते. मी जळगावच्या सराफ बाजारातून साखरपुड्याला घेतलेली अंगठी घालून गेलो होतो. वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी ती काढायला लावली. चाळणीवर घासून सोन्याचा अदृश्य कण जरी पडला तरी अब्जात एखादा भाग सोनं शोधणारी प्रयोगशाळा तो पकडते, आणि मग नसलेल्या सोन्यामागे सगळे धावतात. कुणी हे मुद्दामही करतं. ब्री-एक्स या कॅनडाच्या कंपनीनं इंडोनेशियात बुसांग इथे प्रचंड सोनं असल्याचं जगाला सांगितलं होतं. नमुन्यांत बाहेरचं सोनं मिसळलेलं होतं हे १९९७ साली उघड झालं आणि शेअर घेतलेल्यांचे अब्जावधी बुडाले. तेव्हापासून नमुन्याच्या पिशवीकडे सगळे संशयानंच बघतात. बघावंच.

भोक

हे सगळं झाल्यावर, आणि सगळे पुरावे एकाच जागेकडे बोट दाखवत असतील तरच, बोअर. आपल्या बोअरच्या गाडीचा हातोडा हवेच्या दाबानं दगड फोडतो आणि वर भुकटी येते. पाण्यासाठी तेवढं पुरतं. आम्हाला भुकटी चालत नाही, कांडी लागते. पोकळ नळीच्या तोंडाला हिऱ्याचे कण बसवलेलं चक्र असतं. ते गोल कापत खाली जातं आणि मधला दगड नळीत अखंड राहतो. उसाच्या कांडीसारखा. तिला कोअर म्हणतात. नेहमीच्या एनक्यू मापाची कांडी ४७.६ मिलिमीटर जाड असते. वर आली की खाचांच्या पेटीत क्रमानं मांडायची, वाचताना ओळ जाते तशी डावीकडून उजवीकडे, प्रत्येक तुकड्याची खोली लिहून. तीन मीटर कापलं आणि पेटीत दोनच मीटर भरले, तर उरलेला मीटर कुठे गेला याचा जबाब ड्रिलरला द्यावा लागतो. मग कांडी उभी चिरायची, अर्धी प्रयोगशाळेला, अर्धी पेटीत कायमची. पुढे कधी शंका आली तर पेटी उघडून बघता येते.

मिठात हे काम फार अवघड. ड्रिलिंग करताना चक्र थंड ठेवायला पाणी सोडावं लागतं, आणि पाण्यात मीठ विरघळतं! म्हणून आधीच मिठानं पूर्ण भरलेलं पाणी वापरतात, ज्यात आणखी मीठ मावतच नाही, किंवा तेलाचं मिश्रण. पोटॅशची काही खनिजं तर मिठापेक्षाही लवकर विरघळतात. आमच्या रिगवरचा, म्हणजे बोअरच्या यंत्रावरचा, जुना ड्रिलर एका ठिकाणची गोष्ट सांगायचा : रात्रपाळीत कुणीतरी गोड्या पाण्याचा टँकर चुकून टाकीत सोडला. सकाळी कांडी वर आली ती चोखून बारीक केलेल्या लिमलेटच्या गोळीसारखी. चार दिवस खोल जायला लागलेले, नेमका हवा तो थर पाण्यात गेला. तो हे सांगताना अजूनही कपाळाला हात लावतो.

रिग चोवीस तास चालते, बाकी कॅम्प झोपतो. झोपायचं खाटेवर, जमिनीवर नाही. तिकडे फुरसं फार, त्याला बांडी म्हणतात, आणि मण्यारीच्या जातीचा एक साप, ज्याला लोक पीवणा म्हणतात. रात्री छातीवर बसून माणसाचा श्वास पितो अशी समजूत आहे. त्याचं खरं कारण असं, की मण्यारीच्या दाताची खूण दिसत नाही आणि दुखतही नाही. झोपलेला माणूस सकाळी श्वास कोंडून गेलेला आढळतो. गाडी एकटी कधी सोडायची नाही, दोन तरी हव्यात. वाळूत शिरण्याआधी टायरची हवा १८-२० पौंडांवर आणायची म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही. डांबरी लागली की पुन्हा भरायची. नवा ड्रायव्हर हवा भरायला कंटाळतो आणि तापल्या रस्त्यावर टायर फोडून बसतो. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय ठेवायला आपल्या देशात बंदी आहे, त्यामुळे रेंज नसलेल्या भागात संध्याकाळी किती वाजता कोण कुठून परतणार हे फळ्यावर लिहून जायचं. सीमेजवळच्या पट्ट्यात तर आधी कलेक्टर कचेरीच्या चकरा.

उन्हाचं खान्देशच्या माणसाला कौतुक नाही असं मी ठणकावून सांगायचो. भुसावळ-जळगावचा मे काढलेला माणूस मी. पण फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश झालं होतं, आणि आपल्याकडे निदान लिंबाखाली बसता येतं. तिथे सावली म्हणजे एखादी खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमी. तिच्या शेंगांची, सांगरीची भाजी कॅम्पच्या स्वयंपाक्याच्या हातची चांगली होते. तरी पंधरा दिवसांनी मी डबा उघडतो, त्यात आईनं दिलेल्या बिबड्या आणि काळा मसाला असतो. त्या मसाल्याची शेवभाजी केली त्या रात्री रिगवरचे बिहारी, तमिळ, राजस्थानी सगळे घाम पुसत जेवले.

गावकऱ्यांची भीती मात्र खरी असते. "तुम्ही मोजताय म्हणजे जमीन जाणार." टेहळणीनं कुणाची जमीन जात नाही, आणि पुढे खाण झालीच तर मधे कित्येक वर्षं, लिलाव, परवानग्या असतात, हे आम्ही सांगतो. त्यांना ते पटतंच असं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं. आपल्या हातात असतं ते एवढंच, की खणलेला प्रत्येक खड्डा त्याच दिवशी बुजवायचा. एका पार्टीनं न बुजवलेल्या खड्ड्यात मेंढी पडून पाय मोडल्याचं एका गावानं आम्हाला पहिल्या भेटीतच ऐकवलं होतं, आणि पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

तर मामा, सापडलं काय? गेल्या हंगामात आम्ही एक बोअर सातशे मीटरच्या पुढे नेला. मीठ लागलं, भरपूर लागलं, पांढरं, काही ठिकाणी गुलाबी. पोटॅश ज्या खोलीवर अपेक्षित होतं तिथे नव्हतं. म्हणजे त्या अंगाला समुद्र शेवटच्या थेंबापर्यंत आटला नव्हता, मधेच नवं पाणी शिरलं होतं. नकाशावरची आमची रेघ त्या बाजूनं आत सरकली. आता पुढचा बोअर तिकडे कुणी घेणार नाही, त्याचे पैसे दुसऱ्या बाजूला लागतील. हे ऐकून मामा जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या बापानं पारोळ्याला दोन बोअर फेल घालवले, त्याची वही असती तर तिसरा वाचला असता." तिसरा बोअरही फेलच गेला होता, हे त्यांच्या लक्षात होतं.

काम संपलं की भोकात सिमेंट भरतात, म्हणजे खालचं खारं पाणी वरच्या गोड्या पाण्यात मिसळत नाही. मग तोंडाशी सिमेंटचा गुडघाभर खांब उभा करून त्यावर बोअरचा नंबर आणि खोली कोरतात. मार्चमध्ये कॅम्प उठवताना मी शेवटची चक्कर मारली, तेव्हा आमच्या त्या खांबाला कुणीतरी शेळी बांधून ठेवली होती.